कवायतीविरुद्ध उजवा हात

आमच्या घरात दुखणं कधी कुणा एकाचं नसायचं, ते कामगारवर्गाचं असायचं. आईचे गुडघे, शेजारच्या काकांची कंबर, माझी मान, सगळ्यांचं बाबांकडे एकच निदान होतं: उभं राहून काम, विश्रांती नाही, आणि त्यावर नफा खाणारा मालक. निदान बरोबर होतं. आजही माझं मत तेच आहे. फक्त त्या निदानाने कुणाची मान वळली नव्हती.

आम्ही अंबरनाथच्या मोरिवलीचे. आजोबांचं शेत होतं तिथे आता कारखान्याची भिंत आहे. बाबा आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंग लाईनवर खोके भरतात, टेप मारतात, थप्पी लावतात, आणि उरलेल्या वेळात युनियनच्या कमिटीवर असतात. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर वर्तमानपत्राऐवजी उरलेली पत्रकं अंथरलेली असत, त्यामुळे हळदीचा डबा काढला की खाली ‘कामगार बंधू-भगिनींनो’ दिसायचं. मोठी झाल्यावर पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ती बाबांपेक्षा तिखट लिहिते, असं बाबाच म्हणतात, आणि मग तिखट काढून टाकतात.

या वेळचं पत्रक स्टुलांबद्दल होतं. लाईनवर पूर्वी स्टुलं होती. बसल्यावर माणूस सुस्तावतो असा शोध लागल्यामुळे कंपनीने ती उचलून नेली. मग पाठी, टाचा, खांदे बोलायला लागले. तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने स्टुलं परत दिली नाहीत, स्पीकर दिला. शिफ्टच्या आधी, हजेरी लागायच्याही आधी गेटच्या आत जमायचं आणि गाण्यावर हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे. भिंतीवर एका हसऱ्या माणसाचं पोस्टर लागलं: ‘ताठ उभे राहा, निरोगी राहा.’ ताठ उभं राहण्याखेरीज दुसरं काही करायची सोय ठेवलेली नव्हती, तरी सल्ल्यावर रंगीत कागद खर्च केला होता. लोक त्या प्रकाराला कवायत म्हणायचे. युनियनने ठरवलं की कवायतीवर बहिष्कार टाकायचा का, हे गेटसभेत हात वर करून ठरेल.

हात वर करण्याचा आमच्याकडे एक नियम होता, आणि तो बाबांनी आणलेला. कोपर कानाच्या वर गेलं तरच मत धरायचं. एका सभेत एक जण डोकं खाजवत होता आणि त्याचं मत ठरावाच्या बाजूने मोजलं गेलं, तिथून हे सुरू झालं. शिवाय अर्धा हात उचलून युनियन आणि साहेब दोघांनाही खूश ठेवणारे असतात, असं बाबांचं म्हणणं. “ज्याचा हात पुरता वर जात नाय, त्याचं मन पण पुरतं नाय,” हे वाक्य ते प्रत्येक सभेत टाकायचे आणि त्यावर टाळ्या पडायच्या.

आणि सभेच्या परवानगीसाठी कंपनीशी बोलणी चालू असतानाच बाबांचा उजवा खांदा जाम झाला. आधी शर्टाच्या बाहीत हात जाईना. मग फळीवरचा डबा निघेना. हात छातीपर्यंत यायचा आणि बिजागरी गंजल्यासारखा थांबायचा.

“डावा करा ना वर,” आई म्हणाली.

बाबांची पंचाईत झाली. डावा हात अशुभ, असं म्हणायची सोय नव्हती. शुभ-अशुभाविरुद्ध त्यांनी स्वतः पत्रकं वाटली होती. “लोक म्हणतील, डाव्या हातानं मत टाकलं, म्हणजे याला काय पडलेली नाय,” असं काहीतरी ते बोलले. खरं कारण त्यांनी मला एकटीला सांगितलं. खांद्याचं कळलं तर कंपनी अनफिट ठरवून घरी बसवेल. तेव्हा सभेत उजवा हात नेहमीसारखा कानाच्या वर जायलाच हवा होता.

अंबरनाथमध्ये कुणीतरी बघेल म्हणून मी त्यांना बदलापूरला, शिरगावातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. ती माझ्याच वयाची होती. हात इकडे-तिकडे फिरवून ती म्हणाली, “फ्रोझन शोल्डर आहे, काका. महिने लागतील. पण व्यायाम केला तर सुटेल.”

व्यायाम हा शब्द ऐकल्यावर बाबा खुर्चीत सरळ झाले. “कारण कामात हाय. मग व्यायाम मी का करायचा?”

“कारण कामात आहे, मान्य. पण आखडलाय तुमचा खांदा. तुमच्या मालकाचा हात मी हलवून काय होणार?”

बाबांना युक्तिवाद आवडला, पण तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही. तिने दोनच गोष्टी शिकवल्या. वाकून चांगल्या हाताने टेबल धरायचं, दुखरा हात सैल लोंबत सोडायचा आणि त्याला हळू झोका द्यायचा. आणि भिंतीकडे तोंड करून बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवत न्यायची. शिवाय बाबा बोलताना दोन्ही खांदे कानांकडे उचलून धरतात, ते खाली सोडायचे. हे शेवटचं मी आयुष्यभर बघत आले होते. मला वाटायचं तो आवेश आहे.

तर अशा रीतीने, कवायतीविरुद्ध हात वर करता यावा म्हणून बाबा खिडक्या लावून घरात कवायत करू लागले. बाहेरच्या खोलीत मी ‘कवायत नको, स्टूल द्या’ लिहीत होते आणि आतल्या खोलीत माझा नेता भिंतीला बोटं लावून उभा होता.

पण संथ कसं करायचं हे आमच्या घरात कुणाला ठाऊक होतं? बाबांनी भिंतीला घोषणेची लय लावली. “कोण म्हणतो” म्हणताना बोटं वर, “देणार नाय” म्हणताना हात जोरात आणखी वर, “घेतल्याशिवाय” म्हणताना ओठ चावून त्याच्याही वर.

“भिंत काय देणारे तुम्हाला?” आई म्हणाली.

सकाळी हात पोटाच्या वर येईना. आम्ही पुन्हा शिरगावला. “कुणाशी झटापट केलीत का, काका?” तिने विचारलं. मी घोषणांचं सांगितलं. ती हसली नाही. “दुखायला लागायच्या अलीकडे थांबायचं, असं मी सांगितलं होतं.”

“अलीकडे थांबणं म्हणजे तडजोड,” बाबा म्हणाले.

“मग करा तडजोड. उद्या पुन्हा बोलणी लावा खांद्याशी.”

बोलणी बाबांना येत होती. कंपनीने सभेला परवानगी द्यायला इतके महिने घोळ घातला की खांद्याला वेळ मिळाला. मालकाने कामगाराच्या प्रकृतीसाठी केलेली तेवढी एकच गोष्ट. भिंतीवर आमचं कॅलेंडर होतं, वारांच्या आडव्या ओळींचं, रविवार सगळ्यात वर. बाबांची बोटं आधी शनिवारी अडायची. पावसाळ्याच्या शेवटी गुरुवार आला. “कामगाराला रविवार गाठायला किती त्रास बघ,” ते मला म्हणायचे. शर्टाची बाही आता ते स्वतः चढवत होते.

त्याच सुमाराला त्यांनी माझ्या पत्रकावर काट मारली. ‘कवायत नको’ गेलं. त्याऐवजी आलं: ‘स्टूल द्या. व्यायाम हजेरीनंतर, कामाच्या वेळात.’

“ही माघार आहे, बाबा.”

“व्यायाम वाईट नाय. आपल्या वेळात करायला लावतात ते वाईट हाय.”

“मग इतके महिने भाषणात काय बोललात?”

“तेव्हा खांदा चांगला होता.”

आम्ही दोन दिवस बोललो नाही. पत्रक उल्हासनगरला छापायला दिलं होतं. तिथल्या सिंधी प्रेसवाल्या काकांना मी मजकूर बदलायला सांगायला गेले, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “बेटी, पहले घर में फैसला करो, फिर हमारे पास आओ.” बदललेला मजकूर मी दिला. चिडून दिला, पण त्यात चूक सापडत नव्हती, हे जास्त चिडवणारं होतं.

गेटसभेला मी पत्रकं वाटायला गेले. स्टूल आणि हजेरीनंतर व्यायाम, असा बदललेला ठराव वाचला गेला, हात वर झाले. मोजणी बॉयलरवरच्या एका उंच कामगाराकडे होती. तो बाबांपाशी आला आणि थांबला. बाबांचा उजवा हात वर होता, कोपर कानाच्या पाळीला लागून. घाम येत होता.

“घेतो, दादा,” तो हळूच म्हणाला.

“नको घेऊ. कानाच्या वर नाय गेला.”

“पाळीपर्यंत तर आलाय.”

“नियम हाय.”

आता सगळे बघायला लागले. मागून कुणी विचारलं, “दादा, खांद्याला काय झालं?” इतक्या महिन्यांचं गुपित गेटवर उघडं पडलं, आणि साहेब लोक वरच्या खिडकीत उभे होते. बाबा म्हणाले, “जाम झालाय.”

पॅकिंगमधल्या एका बाईंनी आपला हात उचलून दाखवला. खांद्याच्या रेषेत आला आणि राहिला. “माझा पण एवढाच जातो. मागच्या वेळी पण एवढाच गेला होता. मी ठरावाच्या बाजूनं होते, दादा. तुम्ही माईकवर म्हणालात, मन पुरतं नाय.”

मग थप्पीवरच्या एकाने दाखवला. मग त्याच्या शेजारच्याने. ज्यांना आम्ही आजवर कुंपणावरचे समजत होतो, ते सगळे खांद्यापाशी अडलेले हात घेऊन उभे होते. त्यांच्यावर तर मी एक स्वतंत्र पत्रकही लिहिलं होतं, चांगलं जमलेलं.

बाबा एकेका हाताकडे बघत गेले. मग मोजणाऱ्याला म्हणाले, “सगळे घे. जेवढा उचललाय तेवढा.” ठराव पास झाला.

सभा संपल्यावर त्या बाई म्हणाल्या, “दादा, तुमचा पाळीपर्यंत कसा आला?” तेव्हा बाबा गेटच्या आतल्या त्या पोस्टरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बोटं चढवत नेली. “ओढायचं नाय. दुखायच्या अलीकडे थांबायचं. खांदे खाली.” दहा-बारा जण त्यांच्या शेजारी भिंतीला लागले. पोस्टरमधला माणूस त्यांच्या डोक्यावर हसत होता.

वरून कुणीतरी फोटो काढला. पुढच्या आठवड्यात तो नोटीस बोर्डवर लागला: ‘आरोग्य उपक्रमाला कामगारांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’ अनफिट कुणालाच ठरवलं नाही. तसं केलं असतं तर अर्धी लाईन रिकामी करावी लागली असती. व्यायाम हजेरीनंतर होतो. स्टुलं आली, पण माणसांपेक्षा कमी, त्यामुळे आळीपाळीने बसतात, आणि पहिली पाळी त्या बाईंची असते.

फोटोचा निषेध करणारं पत्रक मी लिहून ठेवलं आहे. बाबा म्हणतात, निषेध कर, पण त्यात आपण भिंतीला हात लावून उभे होतो हे खोटं आहे असं लिहू नको.