आमच्या डिशचा नवा उपग्रह पाहायला श्रीहरिकोट्याला

नळ त्या दिवशी सकाळी सहालाच आला होता. टाकी भरली, दोन पिंपं भरली, पितळेचा गुंड घासून भरून ठेवला, धुणं उरकलं आणि बादली घेऊन मी गच्चीवर गेले. आधी कपडे वाळत घालायचे, मग ओलं फडकं घेऊन डिश पुसायची, हा माझा तीन वर्षांचा क्रम. पारवे बसतात तिच्यावर. मी पुसतच होते तेवढ्यात डिशच्या कंपनीचा मेकॅनिक जिना चढून वर आला. हातात पाना.

"मावशी, सरका जरा. नट मोकळे करून ठेवतो."

"कायले?"

"जुनं सॅटेलाइट रिटायर होऊन राहिलं. नवीन वर जाऊन राहिलं, थे दुसऱ्या जागी बसते. थे जागेवर पोचलं का डिश फिरवा लागते. तवा नट गंजलेले निघाले तर मंग पंचाईत."

"हात लावू नको तिले."

तो हसला. "मावशी, वरचं सॅटेलाइटच चाललं, तुमी खाली डिश धरून काय करसान?"

मी त्याला खाली पाठवलं. चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे असं कुणाला पाठवत नाहीत.

ही डिश ह्यांनी बसवलेली. ह्यांचा धंदाच तो होता. अकोट, बाळापूर आणि मधली सगळी खेडी, कुठल्या घरावर ह्यांनी लावलेली डिश नाही ते शोधावं लागेल. सुरुवातीला सिग्नल मोजायचं यंत्र नव्हतं, तेव्हा मला सोबत नेत. हे छतावर, मी खाली कुणाच्या तरी बैठकीत टीव्हीसमोर. वरून हाक यायची, "आलं का?" मी ओरडायची, "नाही!" मग "आता?" मग "आलं! आलं! थांबा!" चित्र पक्कं झालं की हे नट आवळत आणि खांबावर आणि त्याला आवळलेल्या डिशच्या पट्टीवर मिळून एक लाल रेघ मारत. वादळाने डिश हललीच तर रेघेला रेघ जुळवायची, काम झालं. ती रेघ माझ्या नेलपॉलिशची असायची. माझ्या नखांना क्वचित लागलं असेल, सगळी बाटली लोकांच्या छतांवर गेली.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. आमच्या डिशवरची रेघ अजून आहे, फिकट झाली आहे.

मेकॅनिक गेल्यावर दोन दिवसांनी पेपरात बातमी दिसली. तोच नवा उपग्रह, दळणवळणाचा, म्हणजे टीव्ही आणि फोनच्या कामाचा, श्रीहरिकोट्याहून जाणार होता. सामान्य माणसाला आधी नाव नोंदवून गॅलरीतून पाहता येतं, असं खाली लिहिलं होतं. मी आठवी शिकलेली. पुढचं सगळं वाचनालयातून. उपग्रहांवरचं जे मराठीत मिळालं ते मी वाचलेलं होतं, ह्यांना रात्री जेवताना सांगायची म्हणून. वाटलं, आपल्या डिशला ज्याच्याकडे तोंड करायला सांगतात, तो कोण आहे ते एकदा बघून तरी यावं.

मुलगी वैशाली अमरावतीला असते. तिला फोन केला.

"आई, टीव्हीवर दाखवतीन ना थे. घरी बसून पाय."

"त्याच डिशवर?"

तिने अर्ध्या तासात माझी नोंदणी करून दिली. सोबतीला कोण, तर माझी नणंद कुसुमताई, अकोटची. ह्यांची धाकटी बहीण. ती म्हणाली, "दादानं मले कधी बाळापूरच्या पुढं नेलं नाई. तुमी नेता तं चाला."

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. नोंदणी मोफत असते, पण सुरू झाली की भराभर संपते, तेव्हा घरातल्या तरण्या माणसाला कामाला लावा. ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. आमच्या अकोल्याहून चेन्नईला थेट गाडी मिळते. आम्ही सकाळी बसलो, स्लीपरचं तिकीट सहाशेच्या आत. कुसुमताईने ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एक अख्खा डबा भरून सांजोऱ्या घेतल्या होत्या.

"चार दिवसांचं आहे की चार महिन्यांचं?" मी विचारलं.

"तिकडं सगळं आंबट खातेत म्हणे. मी नाई उपाशी मरत."

वर्धा गेलं, बल्लारशा गेलं, पराटीची, म्हणजे कपाशीची, काळी रानं संपून जंगल लागलं. कुसुमताईने खिडकीतून मान आत घेतली आणि विचारलं, "वहिनी, थे वर जाऊन एका जागी उभं राहते म्हंता. मंग खाली काहून नाई पडत?"

मी तिला खळ्यावरची गोष्ट सांगितली. आमच्या लहानपणी मळणीला मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैलांची पात फिरायची. आतला बैल पाऊल पाऊल चालतो, कडेच्या बैलाला तेवढ्यात केवढा तरी वळसा घ्यावा लागतो. पण दोघं कायम एका ओळीत. आतल्या बैलाला विचारलं तर तो म्हणेल, कडेचा माझ्या बाजूला नुसता उभा आहे. पृथ्वी आतला बैल. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवरचा कडेचा. तिची एक फेरी एका दिवसात, त्याचीही एका दिवसात. तो पळतोय म्हणून पडत नाही, आणि बरोबर पळतोय म्हणून हललेला दिसत नाही. म्हणूनच डिश एकदा लावली की लावली.

कुसुमताईने थोडा विचार केला. "म्हंजे आमच्या घरात कडेचा बैल मी. आन तुमचे नंदोई खुर्चीत बसून म्हंतेत, तू तं दिवसभर घरातच उभी असते."

समोरच्या बाकावरचे नागपूरचे गृहस्थ पेपरामागे हसत होते, पेपर हलत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चेन्नई. स्टेशनाला लागूनच लोकल गाड्यांचे फलाट आहेत, तिथून सुळुरुपेटची, म्हणजे श्रीहरिकोट्याच्या सगळ्यात जवळच्या स्टेशनाची, गाडी धरायची, पंचवीस रुपयांच्या आसपास तिकीट, अडीच तास. सुळुरुपेट लहान गाव आहे, आपल्या अकोटएवढं वाटलं. स्टेशनजवळ लॉज नऊशे रुपयांना मिळाला, स्वच्छ होता. इडली तीस रुपये, सोबतची लाल चटणी इतकी जहाल की कुसुमताईने दोनदा मागून घेतली आणि ठेच्याची बरणी पिशवीच्या तळाला गेली.

रस्त्याने चालताना मला सवयीने छतंच दिसत होती. आणि मी थांबले. तिथल्या डिश आमच्यापेक्षा जास्त आभाळाकडे कललेल्या. लगेच कळलं. उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतो, आणि आपण दक्षिणेला येऊन त्याच्या जवळ आलो होतो. पुस्तकात हे वाचलं होतं, पण इथे गल्लीभर मान वर केलेल्या डिश पाहून इतका आनंद झाला की मी रस्त्यातच टाळी वाजवली.

"काय झालं व?"

"ताई, डिशा पाहा, डिशा!"

"डिशा पाहाले एवढ्या लांब आलो का आपण?" पण तीही पाहू लागली. नंतर प्रत्येक गल्लीत तीच मला दाखवत होती.

संध्याकाळी बातमी आली, हवामान खराब, उड्डाण एक दिवस पुढे. परतीची तिकिटं बदलावी लागली. तुम्हीही जाणार असाल तर एक दिवस जादा धरूनच जा. कुसुमताई म्हणाली, "म्हंजे आपली अकोटची एसटी काही वाईट नाई."

एका अर्थी बरंच झालं. रिकाम्या दिवशी आम्ही रिक्षाने तिथल्या मोठ्या खाऱ्या सरोवराच्या काठाला गेलो. श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता पाण्यातून जातो, दोन्ही बाजूंना उथळ, चमकतं पाणी आणि त्यात शेकडो रोहित पक्षी. एका पायावर उभे, चोच पाण्यात. ह्यांनी हे पाहायला हवं होतं, असं मला वाटलं. ते मला रोज कशाबद्दल तरी वाटतं. मी पाणी पीत उभी राहिले, मग कुसुमताईने सांजोरी दिली ती खाल्ली.

उड्डाणाच्या दिवशी दुपारीच बसने निघालो. तपासणी, ओळखपत्र, मग स्टेडियमसारख्या पायऱ्या. शाळेच्या सहली, नवी जोडपी, कडेवरची मुलं, चेहऱ्यांवर तिरंगा. आमच्या शेजारी नेल्लोरच्या एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, दिली, आम्ही सांजोरी दिली. त्यांनी हिंदीत विचारलं, "आपका कोई है इस काम में?"

मी काही बोलायच्या आत कुसुमताई म्हणाली, "मेरा भाई था. इसका कनेक्शन वोच बिठाता था."

बाईंनी हात जोडले. त्यांना काय वाटलं असेल ते असो. मी दुरुस्त केलं नाही. खोटं तर काहीच नव्हतं.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. जागा मी निवडली होती. ह्यांचा नियम होता, जागा अशी धरायची की डिशच्या तोंडासमोर झाड नको, टाकी नको. आयुष्यभर तेच ऐकलेलं. मी मोबाइलवर दिशा पाहिली, दक्षिणेचं आभाळ जिथून मोकळं दिसेल असा कोपरा शोधला आणि तिथे ऐटीत बसले. उपग्रह शेवटी तिथेच तर जाणार. पण तो निघणार कुठून, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रॉकेट उडायचा तळ होता भलत्याच बाजूला, आणि आमच्या कोपऱ्यापुढे नेमकी निलगिरीची रांग.

भोंग्यावर उलटी मोजणी सुरू झाली. सगळे उभे राहिले. मी दक्षिणेकडे डोळे लावून. तीन, दोन, एक. काहीच नाही. आणि कुसुमताईने वेणी घालताना पोरीची मान धरतात तशी माझी हनुवटी धरून तोंड वळवलं.

"तिकडं नाई व माय, इकडं!"

झाडांच्या शेंड्यांमागे उजेड झाला होता. दिवस मावळायला आलेला, आणि तिथे दुसरा दिवस उगवावा तसा. त्या उजेडातून ते वर आलं, सावकाश, इतकं सावकाश की पडेल असं वाटावं. आवाज नव्हता. मग आवाज पोचला, आणि तो कानाला आधी लागलाच नाही, छातीला लागला. साडीचा पदर थरथरत होता. कुसुमताईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. ते ढगात शिरलं, ढग आतून पेटला, पलीकडून एक ठिणगी निघाली आणि समुद्राकडे वळत वळत बारीक झाली.

लोक नाचत होते. आम्ही दोघीही. दोन म्हाताऱ्या म्हणाव्यात अशा बायका, चपला सोडून.

मग भोंग्यावर एकेक टप्पा सांगत होते. पहिला टप्पा सुटला, दुसरा सुटला. पंधरा-सोळा मिनिटं सगळ्यांचे कान तिकडे. शिक्षिका आम्हाला हिंदीत सांगत होत्या. शेवटी काहीतरी घोषणा झाली आणि टाळ्यांचा गजर उठला. कुसुमताईला काही ऐकू येईना. तिने माझ्या कानाशी ओरडून विचारलं, "आलं का व वहिनी?"

आणि माझ्या तोंडून आपोआप, जुन्या दिवसांच्या मोठ्या आवाजात, निघून गेलं, "आलं! आलं! थांबा!"

आजूबाजूचे हसले. मीही हसले, आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम.

परतीच्या बसमध्ये मी कुसुमताईला उरलेलं सांगितलं. रॉकेटने त्याला नुसतं लांबट वाटेवर सोडलं आहे. आता काही दिवस तो स्वतःचं इंजिन लावून थोडा थोडा वर चढेल आणि मग आपल्या जागी बसेल.

"आन जुन्याचं काय?"

"त्याचं इंधन संपत आलं. शेवटचं थोडं राखून ठेवतात. तेवढ्यावर तो आणखी वर सरकतो, वाटेतून बाजूला. म्हणजे येणाऱ्याला धक्का नको."

"आपल्या मनानं जागा देते म्हणा की."

"हाव."

बाहेर सरोवराचं पाणी काळं होत चाललं होतं. ती म्हणाली, "मंग तुमी त्या मेकॅनिकले काहून हाकललं?"

ती ह्यांची बहीण आहे, तिला ते विचारायचा हक्क आहे.

परतीची गाडी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला थांबली तेव्हा वैशाली फलाटावर डबा घेऊन उभी होती, वांग्याची भाजी आणि पोळ्या. खिडकीतूनच म्हणाली, "दिसलं का?" कुसुमताईने तिला सांगितलं, "तुह्या मायनं पहिले उलटीकडे पाहिलं!" गाडी सुटेपर्यंत तिघी हसत होतो.

अकोल्याला घरी आलो. पाच-सहा दिवसांची धूळ, बंद घराचा वास. पिशवीत एक सांजोरी उरली होती, चुरा झालेली. काय राहिलं असं मला विचाराल, तर तो उजेड राहिला, आवाज छातीला लागलेला राहिला, आणि सुळुरुपेटच्या त्या मान वर केलेल्या डिश राहिल्या. डिश जागेवर असते ती समोर कुणी आहे म्हणून; समोरचं हललं की तिलाही वळावं लागतं. एवढं मला इतकी वर्षं पुसूनही सुचलं नव्हतं. खर्च दोघींचा मिळून सात हजारांच्या आत झाला. जमेल त्याने जावं. बायकांनी तर जावंच. आणि बसायची जागा तिथल्या माणसाला विचारून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिशच्या चारही नटांवर तेल सोडलं, मेकॅनिकला फोन करून चहाला बोलावलं, आणि कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमधून लाल नेलपॉलिशची एक बाटली आणली.