शार्लट पास ते कॉझिऑस्को: बाबा, मी आणि एकवीस गिअर

सायकल घेऊन ऑस्ट्रेलियाच्या सगळ्यात उंच डोंगरावर जायचं, ही कल्पना माझी नाही, माझ्या नवऱ्याची, अतुलची. आणि तो स्वतः आलाच नाही! जानेवारीच्या लाँग वीकेंडला त्याची हॉस्पिटलात ऑन-कॉल ड्यूटी होती. "तू बाबांना घेऊन जा," म्हणाला. "घरात बसून तुम्ही दोघं एकमेकांचं डोकं खाताय."

खात होतो खरं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे वेस्टमीडला आले होते आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता त्यांना परत पाठवायचं नाही. पासष्टीचा माणूस, एकटा. गॅस बंद केला का, बीपीची गोळी घेतली का, कोण बघणार? पेरेंट व्हिसाचा फॉर्म मी भरून तयार ठेवला होता, फक्त बाबांची सही हवी होती. आणि बाबा म्हणायचे, "बघू." पुण्याच्या माणसाच्या "बघू"चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. मी फॉर्म बॅगेत टाकला. तिकडे मोकळ्या हवेत गोड बोलून सही घेऊ, असा माझा बेत होता.

वेस्टमीडहून पहाटे साडेपाचला निघालो. कॅनबेरापर्यंत रस्ता एकदम सरळ आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा. पुढे कूमापर्यंत वाळकं पिवळं माळरान, मेंढ्या, परत माळरान. कूमाला बेकरीत चहा घ्या, पेट्रोलची टाकीही तिथेच फुल करा, कारण वर डोंगरात महाग पडतं. आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या बांधून घेतल्या होत्या, म्हणून बाबांनी बेकरीतल्या लॅमिंग्टनकडे फक्त बघितलं. मग एक खाल्लं. मग म्हणाले, "खोबरं बरं आहे, पण केक शिळा आहे." आणि दुसरं घेतलं.

दुपारी एकच्या सुमाराला जिंदाबाईनला पोचलो. मोठ्ठा निळा तलाव आणि मागे डोंगर. हिवाळ्यात स्कीवाल्यांची झुंबड असते तेव्हा इथे खोली मिळत नाही, पण उन्हाळ्यात मोटेलवाल्या बाईंनी साठ डॉलरमध्ये दोन पलंगांची, किटली-टोस्टरवाली खोली दिली. माउंटन बाइकचं भाडं तेव्हा दिवसाला तीस डॉलर होतं, हेल्मेटसकट. आता अर्थातच या आकड्यांवर जाऊ नका.

सायकलच्या दुकानात जे झालं ते मात्र मी जन्मात विसरणार नाही. बाबांनी आयुष्यभर खडकीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून नोकरी केली आणि पस्तीस वर्षं रोज सायकलवरून गेले-आले. दुकानदार ग्रेगने सायकल पुढे केली, तर बाबांनी ती उचलून सरळ उलटी केली, जमिनीवर सीटवर उभी! चाक फिरवलं, एक डोळा बारीक केला आणि स्पोकवर टकटक केलं.

"धिस व्हील इज नॉट ट्रू," बाबा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, भाड्याची सायकल आहे, सोडा ना."

"अगं मंजू, डोंगरावर तू जाणार आहेस का तो?"

ग्रेगने वाकून बघितलं. चाक खरंच सूतभर डुगडुगत होतं. "फेअर इनफ, मेट," म्हणत त्याने बाबांच्या हातात स्पोकची चावीच दिली. पुढचा पाऊण तास हे दोघं गिअरच्या दातांवर बोलत होते. एकाला धड इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठीचा गंध नाही, आणि मी मात्र नको असलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या किमती वाचत उभी. बाबांना एवढं बोलताना मी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी व्हेजी बर्गर खाल्ला. "बर्गरमध्ये बीट? कुणाचं डोकं हे?" असं बाबांनी तीनदा विचारलं. मग मी टीव्ही लावून आडवी झाले आणि बाबा मोटेलच्या पार्किंगमध्ये अर्धा तास सायकल चालवत बसले. गिअर टाक, काढ, ब्रेक दाब, सोड. मी दारातून दोनदा ओरडले, "बाबा, जपून हं! लागेल कुठेतरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. नॅशनल पार्कची एंट्री फी गाडीमागे घेतात, ती गेटवरच भरायची. शार्लट पासला डांबर संपतं, तिथे गाडी लावायची आणि पुढे जुना खडीचा रस्ता सुरू होतो. यावर मोटारी बंद, चालणारे आणि सायकलवाले फक्त. रॉसन पासपर्यंत साडेसात किलोमीटरच्या आसपास, तिथे सायकल ठेवून शेवटचा टप्पा पायी. पाणी आणि विंडचीटर घेतल्याशिवाय जाऊ नका. खाली तीस डिग्री होतं आणि वर माझे दात वाजत होते. आणि हो, मोठ्या चावऱ्या माशा असतात, पॅंटवरूनसुद्धा चावतात.

बाबांचा थाट बघण्यासारखा होता. पॅंट मोज्यात खोचलेली, अंगात आईने विणलेला स्वेटर, डोक्यात कानटोपी आणि तिच्यावर हेल्मेट. "हे वाडगं सक्तीचं आहे का?" "सक्तीचं आहे, बाबा. दंड होतो." मग निमूट पट्टा लावला.

सुरुवातीला वाकडीतिकडी स्नो गमची झाडं, खोडांवर हिरवे-तांबूस पट्टे. मग झाडं संपतात आणि सगळं उघडं, गवत, पांढरी-पिवळी फुलं, लांबवर बर्फाचे चुकार तुकडे. जानेवारीत बर्फ! बाबा थांबून थांबून बघत होते. मी मात्र त्यांच्या मागे राहून सूचना सोडत होते. हळू. डावीकडून. दगड आहे. दम लागला का? दम मला लागला होता, ही गोष्ट वेगळी.

नदीच्या पुलाकडे उतरणारा उतार आला. स्नोई रिव्हर इथे इतकी लहान आहे, की नाव ऐकून आलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटेल. बाबा ऐटीत पुढे गेले. माझ्या सायकलने वेग घेतला, खडी घसरायला लागली, आणि मी लहानपणापासून जे करत आले तेच केलं. मी सायकल शिकले ती बाबांच्या जुन्या चोवीस इंचीवर, तिचे सळ्यांचे ब्रेक. दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबले, तर कुठे पुढच्या चौकापर्यंत सायकल थांबणार. तसेच मी दाबले, जीव खाऊन. आणि ही सायकल जागच्या जागी थांबली. मी नाही थांबले. हँडलवरून उडून सरळ गवतात!

डोळे उघडले तर वर आभाळ आणि कानटोपीवाले बाबा.

"हात हलव. बोटं हलव. मान? बरं. ऊठ."

कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यावर रक्त होतं, आणि मी चक्क रडत होते, बत्तीस वर्षांची घोडी. बाबांनी बाटलीच्या पाण्याने जखम धुतली, खिशातला धुतलेला रुमाल बांधला. मग माझ्या सायकलचं पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल एका झटक्यात सरळ केलं.

"या ब्रेकला दोन बोटं पुरतात," ते म्हणाले. "मागचा आधी, पुढचा नुसता गोंजारायचा. काल अर्धा तास तेच तर शिकत होतो. तू टीव्ही बघत होतीस."

मी दोन बोटं ब्रेकवर ठेवून बघितली.

चढावर दोघांनी सायकली ढकलल्या. वाटेत दगडी खोपट लागतं, वादळात अडकलेल्यांसाठी बांधलेलं. तिथे वाऱ्याच्या आडोशाला बसून दशम्या खाल्ल्या. सही मागायची हीच वेळ होती. मी बॅग उघडली, आणि सोललेलं कोपर घेऊन फॉर्म बाहेर काढायची मला लाज वाटली. पण बाबांनी तो पाहिला.

"मंजू, खरं सांग. मी तिकडे एकटा म्हणून तुला काळजी आहे, का तू इकडे एकटी आहेस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि परत रडू आलं. अतुल सतत शिफ्टला, मी दिवसभर लॅबमध्ये, घरी आल्यावर मराठीत भांडायला कुणी नाही. दोन महिने बाबा होते, तर घरात कुकरची शिट्टीसुद्धा बरी वाटत होती. हे सगळं मी बोलून टाकलं.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग तसं म्हण ना. मला वाटत होतं, माझी लेक मला म्हातारा समजते. अगं, तुझी आई गेली, मी नाही गेलो. तिकडे माझी कामं आहेत, माणसं आहेत. इथे मी दिवसभर खिडकीतून समोरच्या हॉस्पिटलचं कार पार्क बघतो. कोणती गाडी किती वाजता निघते, मला पाठ झालंय. तुला मी हवा असेन तेव्हा बोलव. येईन. पण सांभाळायला म्हणून ठेवू नकोस."

मी फॉर्मची घडी केली आणि तिच्यात उरलेली गुळपोळी गुंडाळली. दुसरा कागदच नव्हता.

पुढे रॉसन पासला सायकली लावून पायी शिखर गाठलं. वरती एक जर्मन जोडपं आणि बिस्किटं वाटणारी पर्थची म्हातारी. तिने बाबांचं वय विचारलं आणि म्हणाली, "गुड ऑन यू, डार्लिंग!" डार्लिंग म्हटल्यावर बाबा कानटोपीच्या आत लालबुंद झाले. मी पोट धरून हसले.

आणि मग परतीचा उतार! रॉसन पासपासून पुलापर्यंत. ज्यांना जायचंय त्यांना एवढंच सांगते, की सगळा चढ या दहा-बारा मिनिटांसाठी सोसायचा. दोन बोटं ब्रेकवर, बाबा पुढे, मी मागे. सूचना एकही नाही, कारण वारा तोंडात जात होता. बाबा मध्येच जोरात ओरडले, "हो हो हो!" आणि मीही ओरडले. असा आनंद मला या देशात आल्यापासून झाला नव्हता.

मंगळवारी घरी पोचलो. तेव्हा विमानाचं परतीचं तिकीट आधी फोन करून कन्फर्म करावं लागे. तो फोन मी महिनाभर टाळत होते. त्या दिवशी केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "पॅसेंजरला व्हीलचेअर लागेल का?" बाबा शेजारी बसून गिअरच्या दातांचं चित्र काढत होते. मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

कोपरावरचा वण अजून आहे. त्यानंतर बाबा चार वेळा आले, मी बोलावलं तेव्हा तेव्हा. दर वेळी परतीचं तिकीट काढूनच.