नामदेवरावांची फणी आणि कमलवहिनींची अट

कुत्र्यांच्या घरात केस आणि किस्से, दोन्ही झाडून संपत नाहीत. सकाळी लख्ख झाडा, दुपारी पलंगाखाली पुन्हा गोळा! आमच्या नामदेवरावांच्या अंगणाचं तसंच आहे. कुठंही बसलो, चहा आला, की कोणीतरी म्हणतंच, "वसंतराव, तो कांजीचा सांगा ना!" एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा येतो. आमची ही म्हणते, "तुमचं तोंड बंद होऊन नाही राहिलं." म्हणू द्या. मी सांगणार.

नामदेवराव आणि मी एकाच ऑफिसात, टेबलाला टेबल लागून. सत्तर सालच्या आगेमागेची गोष्ट. माणूस मूळचा उमरेडचा, विणकर घराण्यातला. विसाव्या वर्षापर्यंत बापाच्या मागावर बसले, मग नागपुरात येऊन कारकून झाले. पण फायलींत त्यांचा जीव काही रमला नाही. बसल्या बसल्या फायलीच्या दोऱ्या सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

कुत्र्यांची भानगड सुरू झाली ती गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांची रोझी, कॉकर स्पॅनियल. हे एवढे लांब कान, आणि कानांवर केसांच्या अशा गाठी की फणी आत शिरेना. जो तो सांगे, कात्री लावा. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

नामदेवराव सहज तिथं उभे होते. म्हणाले, "थांबा जी! कापाले काय लागते? सोडवाले लागते."

ओट्यावर बसले, रोझीला मांडीवर घेतलं, बोटांना खोबरेल लावलं आणि एकेक केस मोकळा करत गेले. मुळाकडून नाही, टोकाकडून! तीन तास. रोझी घोरायला लागली.

बाई म्हणाल्या, "कुठं शिकलात हो हे?"

"उमरेडले. सूत तोडलं का बाप कानफटात मारे. म्हणून सोडवाले शिकलो!"

* * *

त्यानंतर दर रविवारी त्यांच्या अंगणात कुत्र्यांची रांग. विणकराच्या मागालाही फणी असते, सूत तिच्या दातांतून ओवतात. नामदेवराव म्हणायचे, "माही फणी काही सुटली नाही गा वसंता, फक्त गिऱ्हाईक भुंकाले लागलं!" मी तुम्हाला खरं सांगतो, सोमवार ते शनिवार हा माणूस नुसती हजेरी लावायचा. रविवारी शिट्टी वाजवायचा.

त्यांच्या बायकोला, कमलवहिनींना मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. बाई स्वच्छतेची एवढी की पाण्याचा पेलासुद्धा दोनदा विसळणार. घरात लग्नाची लेक, सुनंदा. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्यादेखत अट घातली.

"हे पाहा जी, अंगणात तुमचे काय लाड करायचे ते करा. पण ज्या दिवशी ताटात कुत्र्याचा एक केस निघाला, त्या दिवशी तुमची फणी चुलीत! उद्या पोरीले पाहाले लोक आले अन् जेवणात केस सापडला, तं कोण करून नेईन तिले?"

नामदेवराव हसले नाहीत. "मंजूर," म्हणाले. कमलवहिनी बोललेलं करतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या दिवसापासून कुत्रा गेला की ते अंगण झाडत, अंगावरचे कपडे बाहेरच झटकत, आंघोळ करत आणि मगच उंबरा ओलांडत.

* * *

आता तो कांजीचा.

गांधीबागेतले एक कापडवाले शेठजी आपला पामेरियन घेऊन आले. पांढराशुभ्र, पण केस चपटे, अंगाला चिकटलेले. म्हणाले, "नामदेवराव, घरी पाहुणे येणार आहेत. याले जरा फुलवून द्या."

आता बघा, मागावर चढवायच्या आधी सुताला तांदळाची पातळ कांजी पाजतात. सूत ताठ होतं, एक धागा दुसऱ्याला चिकटत नाही. नामदेवरावांनी काय करावं? वाटीभर कांजी घेतली आणि ब्रशनं पामेरियनला पाजली! अगदी पद्धतशीर, वरून खाली. कुत्रा फुलला हो, भोपळ्याएवढा दिसायला लागला. मग त्याला वाळायला उन्हात बसवला.

नागपूरचं ऊन ते! अर्ध्या तासात कुत्र्याचा पापड झाला. शेपूट वर गेलं ते खाली येईना. बसायला गेला तर करकर वाजे. गल्लीतली दोन कुत्री येऊन त्याला दोन्हीकडून चाटायला लागली.

नामदेवरावांच्या कपाळावर घाम. पण शेठजी जातिवंत कापडवाले. त्यांनी पामेरियनच्या पाठीवरून हात फिरवला, बोटांनी कडकपणा पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "माल तं भारी झाला! आता याची घडी कशी घालू?"

* * *

एकदा आमचे हेडक्लार्क साहेब आपला डॉबरमन घेऊन आले. साहेब पूर्ण टकले, आणि कुत्रा असा गुळगुळीत की हात ठेवला तर घसरावा. नामदेवरावांनी फणी काढली, कुत्र्याकडे पाहिलं, फणी परत ठेवली.

"काहून? विंचरत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, जिथं विंचराले काही नाही, तिथं ओल्या फडक्यानं पुसलं का चमकते!"

मग नामदेवरावांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ते घाईघाईनं म्हणाले, "मी कुत्र्याचं बोलून राहिलो साहेब!"

"मले कुठं शंका होती?" साहेब म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात टोपी घालून आले.

* * *

माझा मोती. तो मी नागपूरजवळच्या कुही गावाहून आणला होता, आणि देणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की बाप अल्सेशियन आहे. मी सगळ्यांना अल्सेशियनच सांगत होतो. त्यात काय चुकलं?

नामदेवरावांनी त्याला पहिल्यांदा विंचरलं. मानेवर हात फिरवला, पाठ चाचपली, शेवटी शेपूट हातात धरून बराच वेळ विचार केला.

"वसंता, मानेपर्यंत अल्सेशियन आहे गा. तिथून पुढं कुहीच लागली!"

झालं! त्या दिवसापासून मोतीची जात 'कुहीशियन'. पुढं मी त्याला इंजेक्शन द्यायला नेला. नवीन कंपाउंडरनं जात विचारली. तोंडात बसलेलं निघून गेलं, "कुहीशियन." त्यानं कार्डावर लिहून घेतलं आणि आदरानं विचारलं, "यायले इथला उन्हाळा सोसते का जी?"

* * *

याच मोतीनं एकदा नामदेवरावांची फणी जवळजवळ चुलीत घातली होती.

मे महिना. कमलवहिनींनी अंगणात खाटेवर धोतर पसरून मूगवड्या घातल्या होत्या, आणि पलीकडे मोतीची आंघोळ चालली होती. मी पट्टा धरलेला. माझ्या हातून सुटला, कबूल करतो. मोती धावला, नेमका खाटेजवळ थांबला आणि शेपटापासून नाकापर्यंत अंग झटकलं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

मी पळायच्या बेतात. नामदेवराव मात्र चष्मा लावून खाटेशी उकिडवे बसले आणि एकेक वडी उचलून उन्हात धरून पाहायला लागले. तयार लुगड्याचा पोत तपासावा तसे. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या.

"काहून जी? वड्या मोजून राहिले का?"

"नाही वं. पाहून राहिलो, किती एकसारख्या घातल्या तू!"

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि वड्यांचं कौतुक पहिल्यांदाच. वहिनी लाजून आत गेल्या. नामदेवरावांनी मूठ उघडून मला दाखवली. अकरा केस! मी हात जोडले.

* * *

आता शेवटचा, म्हणजे माझ्या मते सगळ्यांत वरचा.

सुनंदाला पाहायला उमरेडहून मंडळी येणार होती. मुलगा मास्तर. याआधी तीन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, आणि हे स्थळ पोरीला स्वतःला मनापासून आवडलेलं. नामदेवरावांनी आठ दिवस आधी फण्या बांधून माळ्यावर टाकल्या. सगळ्या कुत्रेवाल्यांना निरोप गेले, या रविवारी येऊ नका. घर दोनदा धुतलं. वाढायला वहिनी आणि मी.

एसटीनं मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, आई. पोरगी पसंत पडल्यासारखी दिसत होती. मुलगा तर ताटाकडे कमी आणि आतल्या दाराकडे जास्त पाहत होता. पाटवडीचा रस्सा असा झाला होता की बोलायचं कोणी नाव घेईना. नामदेवरावांचा चेहरा मी एवढा खुललेला कधी पाहिला नव्हता.

आणि मुलाच्या वडलांचा हात थांबला.

त्यांनी दोन बोटांनी वाटीतून एक केस वर काढला. पांढरा, लांब, चकचकीत. मी ओळखला, पामेरियनचा. नामदेवरावांनी तर ओळखलाच, त्यांचा घास हातातच राहिला. दाराआड सुनंदाच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला. माझ्या हातातल्या पळीतून रस्सा खाली सांडत होता तेही मला कळलं नाही.

"हे काय जी?" मुलाचे वडील म्हणाले.

नामदेवरावांनी घास खाली ठेवला. "माफी असावी. खरं सांगतो, ते मी दर रविवारी..."

"माहा आहे तो केस," कमलवहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. हा मोठा अंबाडा, काळाभोर.

मुलाचे वडील म्हणाले, "वैनी, तुमचे तं सगळे काळेच दिसून राहिले."

वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कलप लावतो मी. सहा वर्षं झाले. यायलेबी आजच माहीत होऊन राहिलं."

मुलाच्या वडलांनी तो केस ताटाबाहेर ठेवला. मुलाची आई आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. ती पाटावरून हळूच वहिनींकडे सरकली आणि म्हणाली,

"कोणता लावता वं वैनी? माहा तं आठ दिवसांत उतरून जाते!"