शेठने चहा सोडला

छापखान्यात त्याला सगळे शेठ म्हणत, आणि या एका शब्दाने त्याचं घर बुडवलं. एरवी तो कटिंग मशीनवरचा कामगार. छापून आलेल्या कागदांचे गठ्ठे पात्याखाली सरळ लावायचे, कडा कापायच्या, खाली पडलेलं कात्रण झाडायचं. पगार बाकीच्यांइतकाच. पण समोरच्या टपरीवर सगळे चहा प्यायला गेले की पैसे द्यायच्या वेळी इतरांचे हात खिशात अडकत आणि याचा सटकन बाहेर येई. "राहू दे रे, आज माझ्याकडून." एवढं वाक्य बोलायला मिळावं म्हणून हा माणूस दिवसभर उभ्याने राबत होता. कोणीतरी गमतीने शेठ म्हणालं, आणि याला ते खरंच वाटलं.

घरीही तोच तोरा. पाहुण्याला स्टँडवर सोडायचं तर गाडी करून. भाच्यांना खेळणी, तीही दुकानातली सगळ्यात मोठी. बायको नको नको म्हणत असताना भिंतभर टीव्ही आला, टीव्हीला शोभावा म्हणून सोफा आला, आणि हे सगळं हप्त्यांवर. मग ते हप्ते फेडायला पतपेढीचं कर्ज. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. शेठने आधी पाय पसरले आणि मग दुसऱ्याच्या अंथरुणावर टेकवले. कर्जाला जामीन राहिला बायकोचा धाकटा भाऊ. शाळेत कारकून, नाकासमोर चालणारा. बहिणीने शब्द टाकला म्हणून त्याने स्वतःच्या बायकोला न विचारता सही केली.

हप्ते थकले तेव्हा भाऊ आला. सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला, पाणीसुद्धा अर्धंच प्यायला.

"ताई, मला भांडायचं नाही," तो म्हणाला. "पण महिनाअखेर थकलेलं भरलं नाही, तर माझ्या पगारातून कापणार आहेत. घरी बायकोशी मी अजून बोललो नाही. तिला कळलं तर तिच्यापुढे तुझं नाव काढायचीही सोय राहणार नाही मला. आईबाबा गेल्यावर तुझं येणं-जाणं माझ्याकडेच ना?"

बायको त्याला पोचवून परत आली ती पदर खोचूनच. दोन दिवसांत टीव्ही गेला, सोफा गेला, दोन्ही पाण्याच्या भावाने. "खाली बसू," ती म्हणाली, "निदान पडायची तरी भीती नाही." बस बंद, कामावर पायी. सिगारेट बंद. घरात एका भाजीवर दोन वेळा. ती पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायची, ते काम तिने दुप्पट घेतलं. आणि शेठला शेवटचं सांगितलं, "टपरीवरचा चहा बंद. स्वतःचाही आणि गावाचाही."

सुदैवाने शाळेच्या पुस्तकांचा हंगाम होता. कटिंगला रोज ओव्हरटाइम मिळणार होता. तिची शिलाई आणि याचा ओव्हरटाइम धरला तर महिनाअखेर थकबाकी अगदी बेताने भरून निघत होती. भावाचं नाव आणि तिचं माहेर, दोन्ही त्या ओव्हरटाइमवर टांगलेली होती. शेठलाही हे पुरतं कळत होतं. तो पायी जायला लागला, सिगारेट सोडली, कुरकुर केली नाही. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर त्याच्यावर चिडणं सोपं गेलं असतं.

अडलं ते टपरीवर. पहिल्या दिवशी सगळे निघाले तसा तो मशीनपाशीच घुटमळत राहिला.

"चला की शेठ," बाइंडर म्हणाला. हा पुस्तकं शिवणारा, शेठच्या शेजारी बसणारा आणि शेठचा सगळ्यात जास्त चहा प्यायलेला.

पैसे नाहीत, एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते जिभेवर आले आणि परत गेले. "डॉक्टरांनी चहा बंद सांगितलाय," शेठ म्हणाला.

"का? काय झालं?"

शेठचा हात छातीकडे गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "थोडं... इथे."

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. शेठने ते वर्षानुवर्षं आणून दाखवलं होतं. ते अंगावरून गळून पडायची वेळ आली तेव्हा त्याने घाईघाईत दुसरं चढवलं.

आजाराचा मान काही कमी नसतो. त्याला बसायला स्टूल मिळालं, गठ्ठे उचलायला कोणी ना कोणी धावू लागलं. शेठला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. टपरीवर मात्र चमत्कार झाला. पैसे देणाराच नाही म्हटल्यावर दहाजणांचा घोळका आठवडाभरात पांगला, आणि ज्याची त्याची चहाची तलफही कमी झाली. शितं संपली तशी भुतं आपापल्या झाडावर गेली.

मग मालकाने बोलावलं. "तुझ्या छातीचं कळलं मला. ओव्हरटाइम बाइंडर करेल, त्याला कटिंग येतं." यायचंच. शेठनेच शिकवलं होतं.

"नाही, मी बरा आहे," शेठ म्हणाला.

"उगाच हिंमत दाखवू नकोस. पात्याखाली हात असताना चक्कर आली तर माझ्या गळ्यात. आराम कर."

शेठ आराम करायला लागला. घरी मात्र सांगितलं, की ओव्हरटाइमचे पैसे मालक महिनाअखेर एकदम देणार आहे. काम सुटल्यावर तो घरी न जाता बाजाराच्या मागच्या बाकावर बसून राही, आणि ओव्हरटाइमची वेळ संपली की दमल्यासारखा घरी येई. दमलेला खरंच असे. खोटं सांभाळायला गठ्ठे उचलण्यापेक्षा जास्त ताकद लागते.

महिना संपत आला आणि एका सकाळी बाइंडरची बायको सफरचंदं घेऊन घरी आली. "वहिनी, भाऊजींना जपा हं. आमचे हे सांगत होते, हृदयाचं दुखणं म्हणजे खेळ नाही. त्यात तुमचा ओव्हरटाइमही आमच्याकडे आला, मला तर बाई ओशाळल्यासारखं झालं." ओशाळलेली बाई चहा पिऊन गेली.

संध्याकाळी शेठ दमून आला तेव्हा सफरचंदं जमिनीवर मांडून ठेवलेली होती.

"तुमच्या हृदयाला काय झालंय म्हणे?" बायकोने विचारलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत होती. हातातला अभ्रा तिने बाजूला ठेवला नव्हता, पण शिलाई मशीनचं चाक थांबलं होतं.

"पैसे नाहीत म्हणायची लाज वाटली," ती शेवटी म्हणाली, "आणि मरायला टेकलोय म्हणायची नाही वाटली?"

"अगं, त्यांच्यासमोर..."

"त्यांच्यासमोर! माझ्या भावासमोर मी कोणत्या तोंडाने जाऊ ते सांगा." मग तिचा आवाज उतरला. "उद्या मालकाला खरं सांगा. झाल्या दिवसांचं जाऊ दे, पण पगारावर उचल मागा. तुम्ही ठणठणीत आहात हे कळलं तर देतील. आजाऱ्याला कोण उचल देतं? भरायला अजून उद्याचा दिवस आहे."

शेठ रात्रभर वाक्य घोकत होता. साहेब, मला काही झालेलं नाही, माझ्याकडे पैसे नव्हते. सोपं होतं. सकाळी रस्ताभर तेच म्हणत तो छापखान्यावर पोचला, तर सगळे टपरीपाशी जमलेले. मालकसुद्धा. बाइंडरच्या हातात एक पाकीट होतं.

"शेठने आजवर आपल्याला पाजलं," बाइंडर भाषण करायला लागला, "आज आपली पाळी. औषधपाण्यासाठी आपल्या सगळ्यांकडून फूल ना फुलाची पाकळी."

टाळ्या झाल्या. शेठने पाकीट उघडलं. आत एका आठवड्याच्या चहाचेही पैसे नव्हते. मालक समोरच उभा होता, हाताच्या अंतरावर. सगळे त्याच्याकडे बघत होते, पूर्वी पैसे द्यायच्या वेळी बघत तसे. शेठने घोकलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"सगळ्यांना चहा सांग रे," तो टपरीवाल्याला म्हणाला. "आणि बिस्किटं. आज माझ्याकडून."

"शेठ तो शेठच!" कोणीतरी ओरडलं. मालकाने पाठ थोपटली. सुंभ जळाला, पीळ तसाच. त्या क्षणी शेठची छाती खरोखर भरून आली होती, आणि याबद्दलच त्याला पुढे कधी स्वतःला माफ करता आलं नाही. पाकीट रिकामं झालं. चहा संपवून मालक म्हणाला, "अजून महिनाभर तरी आराम कर," आणि आत गेला. शेठ मशीनवर जाऊन उभा राहिला. उचलीचं नंतर बोलू असं मनाशी म्हणाला, आणि दिवस मावळला.

घरी बायकोने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चाक फिरवत राहिली.

पुढच्या पगाराच्या दिवशी भावाचा फोन आला. शेठ दारात चपला काढत होता. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "हो... पूर्ण कापले?... तुझ्या बायकोला कळणारच होतं रे... नाही, नाही येत मी. ती म्हणते ते बरोबर आहे... मुलांना सांगू नकोस काही. आत्या कामात आहे म्हण." फोन ठेवला, मशीनवर बसली, सुईत दोरा ओवायला लागली.

"काय म्हणत होता?" शेठने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुमची तब्येत विचारत होता."