आबांच्या उशाशी

माझे यजमान सरकारी दवाखान्यात वारले. मी घरी आले आणि दार लावून घेतलं.

नंतर चार महिने मी घर आणि चर्च एवढंच ठेवलं. उरलेला वेळ वाचत असे, किंवा पुस्तक उघडं ठेवून बसत असे. आमची चर्चची मंडळी धुळ्याच्या देवपुरातली, बहुतेक शिक्षक आणि बँकेतली माणसं. पाळकसाहेबांनी त्या वर्षी ठरवलं की जुन्या धुळ्यातल्या वस्तीत पत्र्याखाली जी लहान मंडळी जमते, तिच्यासोबत मिळून वस्तीसाठी काहीतरी करायचं. मला कोणी विचारलं नाही. गाडीत जागा होती, शेजारणीने हात धरून बसवलं.

आम्ही रविवारी दुपारी खिचडीची पातेली घेऊन पोचलो. पत्र्याच्या चर्चला कुलूप. पायरीवर एक अक्का मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"आते कोन शे आठे?" त्या म्हणाल्या. "बठ्ठा बजारमा गयात. आमनी उपासना संध्याकायले."

रविवार हा त्यांचा धंद्याचा दिवस, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पाळकसाहेब ओशाळले. मग त्यांनी विचारलं, "अक्का, मग आम्ही काय करावं?"

अक्कांनी पातेल्यांकडे पाहिलं. "खावाले आमनाकडे शे. दवाखानामा बठाले मानूस नही."

त्यांचे पती, ज्यांना वस्ती आबा म्हणते, साखरेमुळे पाय चिघळून त्याच सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात पडले होते. त्यांच्याजवळ कोणीतरी बसायला हवं होतं. अक्का तिथे बसल्या, की बाजारातल्या त्यांच्या जागेवर दुसरी कोणी टोपली मांडणार. आणि ती जागा एकदा गेली की परत मिळत नाही. वस्तीत घरोघर हीच अडचण होती. आमच्यातले काहीजण लगेच पुढे झाले. अक्कांनी मात्र बोट माझ्याकडे केलं.

"ह्या बाई गप ऱ्हातस. आमना बुढाले असाच मानूस लागस. तो बोलनारासंगे भांडस."

सगळे हसले. मला नाही म्हणता आलं नाही.

मंगळवारी गेले. वॉर्डाच्या दारात पाय थांबले. आत सिस्टर मोठ्याने विचारत होत्या, "या पेशंटचं कोण आहे?" चार महिन्यांपूर्वी हाच प्रश्न मला विचारला होता आणि मग मला बाजूला नेलं होतं. मी मागे वळले, जिन्यापर्यंत आले. बाजारात अक्कांनी टोपली मांडली असेल, एवढंच मनात आलं. परत फिरले.

"आबांचं कोण आहे?" सिस्टरनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. त्यांनी औषधाची चिठ्ठी माझ्या हातात दिली, बस.

औषध आणून मी स्टुलावर बसले, बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली आणि हळू आवाजात वाचू लागले. आबांनी एक डोळा उघडला.

"बाई, मी मरी ऱ्हायनू का?"

"नाही, आबा."

"मग पेपर वाचा. कापूसना भाव काय शे?"

मी खाली जाऊन पेपर आणला. भाव ऐकून त्यांनी व्यापाऱ्यांना शिव्या दिल्या, मग माझ्या वाचण्याला नावं ठेवली, मग झोपले. मला खूप दिवसांनी हसू आलं. त्यांची सलाईन संपत आली तेव्हा मी सिस्टरना हाक मारली, आणि तोवर मी कुठे बसले आहे हे मला आठवलंही नव्हतं.

आबांच्या पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. अक्कांची जागा राहिली. आमच्या मंडळीतले आणि वस्तीतले लोक आता वार वाटून घेऊन वॉर्डात बसतात. कोण ख्रिस्ती, कोण नाही, हे अक्का पाहत नाहीत. कोणाजवळ बसायचं ते नाव त्याच सांगतात, आम्ही जातो. आम्हाला काम त्यांनी दिलं, याचे उपकार मी मानते, आणि प्रार्थनेत ते म्हणते.

यजमान नाहीत. संध्याकाळी घर तसंच रिकामं असतं. मंगळवारी मी वॉर्डात असते.