पुढे चला, दार मोकळं करा

माझे बाबा पुण्याच्या सिटी बसमध्ये कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी स्वारगेट ते वारजे या एकाच मार्गावर काढली. उंची बेताची, अंगानं बारीक, पण आवाज असा की मागच्या दारातून बोलले तरी ड्रायव्हरच्या पाठीमागे पेंगणारा माणूस खडबडून जागा व्हायचा. बोलणंही तसंच तिखट. "पुढची बस कधी आहे हो?" असं कुणी विचारलं की बाबा शांतपणे सांगायचे, "ही गेली की."

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. हातपाय हळूहळू सावरले, काठी घेऊन ते घरात फिरायला लागले. समजत सगळं होतं. आमटीत मीठ कमी पडलं की चेहऱ्यावर दिसायचं. पण मनातला शब्द तोंडातून बाहेर पडायचा नाही. पाणी मागायचं असायचं आणि "पा... पा..." याच्या पुढे काही निघायचं नाही. मग ते डावा हात मांडीवर जोरात आपटायचे. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट बाई चित्रांची कार्डं दाखवायच्या, तर बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. शेवटी शेवटी त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला. एकच शब्द तेवढा खणखणीत उरला होता: "नको."

आईबाबा बिबवेवाडीला राहतात, आम्ही कर्वेनगरला. दर रविवारी मी, माझे मिस्टर आणि कॉलेजात जाणारी आमची मुलगी तिकडे जेवायला जायचो. बाबा खाली उतरायचेच नाहीत. सोसायटीत कुणीतरी भेटणार, "काय काका, बरंय का?" म्हणणार आणि उत्तराची वाट बघत उभं राहणार, हे त्यांना नको होतं.

एका रविवारी माझी मुलगी फोन नाचवत म्हणाली, "आजी, शहराबाहेर जुन्या ट्रक आणि बसेसचं म्युझियम आहे. आज जाऊया? आजोबांना आवडेल."

"नको," बाबा म्हणाले.

आईनं त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. "अहो, तुमचं नको ऐकलं मी. आता पाय आत घाला."

संग्रहालय म्हणजे पत्र्याच्या मोठमोठ्या शेड होत्या. आत लाकडी केबिनचे ट्रक, दुधाचा टँकर, टपालाची गाडी, अग्निशमनाचा लाल बंब, तीनचाकी टेम्पो. सगळं धुऊनपुसून लखलखीत. माझे मिस्टर प्रत्येक पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारे. मुलगी फोटो काढत सुटली. बाबा मात्र पहिल्याच शेडमध्ये बाकावर बसले आणि काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडे बघत राहिले. आई त्यांच्या शेजारी बसून म्हणाली, "असल्याच टेम्पोतून आपलं सामान आलं होतं बघा, लग्नानंतर." त्यांनी मान हलवली, तीही तिच्या समाधानासाठी. मला वाटलं, उगाच आणलं यांना. गर्दी, चालणं, आणि त्यात हे असं बसून राहणं.

तेवढ्यात मागच्या पटांगणातून इंजिनाची घरघर ऐकू आली.

बाबांनी मान वर केली. ते उठले आणि काठी टेकत सरळ आवाजाच्या दिशेनं निघाले. आम्ही आपले त्यांच्या मागे. पटांगणात एक जुनी लाल बस सुरू करून ठेवली होती. दोन दारांची, छताखालून घंटीची दोरी गेलेली. अगदी बाबांच्या उमेदीच्या काळातली. बाबांनी बसच्या पत्र्यावर तळहात ठेवला. गाडी थरथरत होती आणि तिच्याबरोबर त्यांचा हातही.

"रविवारी आम्ही पटांगणात एक चक्कर मारतो," तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "काकांना चढता येईल ना? पायरी उंच आहे हं."

पायरी खरंच उंच होती. घरात उंबरा ओलांडताना त्यांचा उजवा पाय अडायचा. माझे मिस्टर हात द्यायला पुढे झाले. बाबांनी मान हलवून नकार दिला. काठी माझ्या हातात दिली, डाव्या हातानं दाराचा दांडा पकडला, डावा पाय वर टाकला. उजवा पाय पायरीच्या कडेला लागून घसरला. आई म्हणाली, "कुणी हात लावू नका त्यांना." बाबांनी क्षणभर दम खाल्ला, दांड्यावरची मूठ आवळली आणि स्वतःला असं काही वर खेचलं की आम्ही बघत राहिलो तोवर ते आत होते.

आम्हाला वाटलं, आता बसतील. ते बसले नाहीत. मागच्या दाराशी, कंडक्टर उभा राहतो तिथे पाठ टेकून उभे राहिले.

बाकीची मंडळी चढली. कॉलेजची पोरं, दोनतीन कुटुंबं, एक आजीआजोबा. आणि पुण्यात बसमध्ये जे होतं तेच झालं. पुढे सगळं रिकामं आणि मागच्या दारात ही गर्दी. आई आणि मी त्या गर्दीत चेंगरलो होतो.

"पुढे चला!"

एवढा मोठा आवाज कुणाचा म्हणून लोकांनी मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. बाबांचा चेहरा लाल झाला होता.

"पुढे चला, पुढे चला! दार मोकळं करा! दारात काय लग्न लागतंय?"

लोक हसले आणि मुकाट पुढे सरकले. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "बोलले," ती म्हणाली. "अगं, बोलले ते."

बाबांनी दोरी ओढली. टण टण. ड्रायव्हरनं आरशात एकदा मागे पाहिलं आणि बस हलली.

"स्वारगेट," बाबा म्हणाले.

बस पटांगणाच्या कडेनं वळली. बाबांची नजर खिडकीबाहेर होती, पण ते शेड आणि झाडं बघत नव्हते हे कुणालाही कळलं असतं. "सारसबाग. टिळक रोड. टिळक रोड उतरणारे पुढे या." एकेक थांबा सुटा, स्पष्ट. ड्रायव्हरही भला माणूस. बाबांची एक घंटी आली की तो खरंच थांबायचा, दोन वाजल्या की निघायचा. पोरांना गंमत कळली. त्यातली एक मुलगी पुढून ओरडली, "काका, डेक्कनला थांबते का?"

थांब्यांची नावं ठीक आहेत, पण आता याला उत्तर द्यायचं होतं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "थांबते," ते म्हणाले. मग नेहमीसारखे एक क्षण थांबून, "तुम्ही उतरणार का?"

सगळी बस हसली. माझ्या मुलीनं फोन खाली ठेवला होता आणि ती दोन्ही हातांनी डोळे पुसत होती.

"नळस्टॉप. पौड फाटा." मला पुढचा थांबा माहीत होता. लहानपणी बाबांच्या बसमध्ये बसून तो म्हणायचा प्रयत्न करताना माझी बोबडी वळायची. ज्या माणसाला पाणी म्हणता येत नव्हतं तो आता हे कसं म्हणणार? मी मनातल्या मनात म्हटलं, सोडा बाबा, थेट कर्वेनगर म्हणा.

"मृत्युंजयेश्वर," बाबा म्हणाले. एका दमात, एकही अक्षर न सांडता.

आई बसमध्ये उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागली. कशासाठी ते लोकांना कळलं नसावं, पण त्यांनीही वाजवल्या. कर्वेनगर झालं, वारजे आलं. बाबांनी घंटी दिली आणि बजावलं, "शेवटचा स्टॉप. सामान बघून घ्या."

खाली उतरल्यावर ते आईकडे वळले. काहीतरी सांगायचं होतं. "पु... पु..." आणि शब्द पुन्हा अडला. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते, आता मांडीवर आपटणार. हात उठला नाही. त्यांनी डोळे मिटले, ओठ जुळवले आणि परत सुरुवात केली. आई अजिबात मध्ये बोलली नाही. तिला शब्द कळला होता तरी ती वाट बघत उभी राहिली.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

व्यवस्थापक बाईंनी ड्रायव्हरला हाक मारली आणि आम्ही पुन्हा चढलो. या वेळी माझे मिस्टर सगळ्यात पुढच्या सीटवर जाऊन बसले, नाहीतर सासऱ्यांची बोलणी खावी लागली असती.

थेरपिस्ट बाईंना आईनं फोनवर हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं ते आधी परत येतं, आता त्याच वाटेनं जाऊ. कार्डं बाजूला पडली. माझी मुलगी कॉलेजातून परस्पर बिबवेवाडीला जायला लागली. ती प्रवासी व्हायची, बाबा कंडक्टर. आधी थांबे, मग "पुढे चला", मग "चहा टाक", "पंखा लाव", "टीव्ही बंद कर". प्रत्येक शब्दासाठी झगडावं लागलं. काही दिवस काहीच यायचं नाही आणि ते चिडून आत जाऊन पडायचे. पण दुसऱ्या दिवशी परत यायचे. काठी घेऊन खाली उतरायला लागले. "काय काका, बरंय का?" असं विचारणाऱ्याला थांबायला लावून "बरंय" म्हणायला लागले.

परवा त्यांच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. मी आईबाबांबरोबर गेले होते. अध्यक्ष पाण्याच्या टाकीवर बोलायला उभे राहिले आणि टाकी सोडून सोसायटीच्या स्थापनेपासूनचा इतिहास सांगू लागले. लोक घड्याळं बघत होते, पण त्यांना थांबवायची कुणाची हिंमत होईना. मागच्या खुर्चीवरून बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले. सगळ्या माना वळल्या. अध्यक्षही थांबले.

बाबांनी सावकाश एकेक शब्द जुळवला.

"मुद्द्यावर... या."

टाळ्या थांबेचनात. अध्यक्ष स्वतःच व्यासपीठावरून उतरले, मागे आले आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "येतो काका. आलोच मुद्द्यावर."