लोंबकळणारं टोक

चौदा वर्षं प्रोग्रॅम लिहून झाल्यावर ताईंना एक भलतंच कुतूहल लागलं: बटण दाबल्यावर निरोप जातो तरी कुठून? सासूबाई म्हणाल्या, "बसल्या जागी चांगलं चाललंय ते सोडून शिड्या चढायचं हे वय आहे का?" पण ताईंनी मनावर घेतलं की घेतलं. इस्पितळाचं नेटवर्क सांभाळायला त्या रुजू झाल्या, तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर कायम, नाही तर नारळ.

ठरवणार होते काका. पंचवीस वर्षं तिथल्या वायरी ओढलेला माणूस. बोलणं मोजकं, तेही बहुतेक वायरींशीच.

तीन महिन्यांच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नेटवर्कच्या कपाटात ताईंना एक वायर लोंबकळताना दिसली. प्रोग्रॅमवाल्यांना एक खोड असते, उघडा कंस दिसला की बंद केल्याशिवाय चैन पडत नाही. ताईंनी ते टोक समोरच्या, सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यातल्या मोकळ्या भोकात खुपसलं आणि खुशीत चहाला गेल्या.

चहा निवायच्या आत सगळं ठप्प. रिपोर्ट दिसेनात, औषधांची खिडकी अडली, फोनवर फोन. ताईंनी सवयीनं लॅपटॉप उघडून ओळीओळीत चूक शोधली. ओळी बिचाऱ्या निर्दोष होत्या. मग डोक्यात किडा वळवळला: त्या वायरीचं दुसरं टोक कुठे होतं बरं?

धावत वर गेल्या, वायर चाचपत गेल्या. दुसरं टोकही त्याच डब्यात! एका भोकातून निघालेला निरोप दुसऱ्यातून परत आत, गोल गोल, वाढतच चाललेला. डब्यावरचे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. भीती विसरून ताई क्षणभर बघतच राहिल्या. मग टोक उपटलं. दिवे ताळ्यावर आले.

काका धापा टाकत पोचले. "आपोआप सुरू झालं का?"

हो म्हटलं की नोकरी पक्की, ताईंच्या मनात आलं.

"नाही काका. मीच बंद पाडलं. वायरीचं एक टोक आधीच त्या डब्यात होतं, ते न बघता दुसरंही त्यातच खुपसलं."

काकांनी ते उपटलेलं टोक उचलून बोटांत फिरवलं. "'आपोआप झालं' म्हणणारे दोघं मी घरी पाठवले," ते म्हणाले. "आपोआप सुरू झालेलं पुन्हा आपोआप बंद पडतं, ताई." आणि कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी ताईंच्या हातात ठेवला.

ताईंचे डोळे भरून आले, पण राहवेना. "काका, पण ही वायर मुळात कशाची?"

"देव जाणे. पंचवीस वर्षांत कुणी विचारलंच नाही." काकांनी बाह्या सरसावल्या. "चला, बघू या."